भाजणावळ

वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात बेकरीच्या दारात पावाच्या गिऱ्हाइकांपेक्षा डब्यांचीच गर्दी जास्त असे. पत्र्याचे डबे, डालड्याचे रिकामे डबे, पितळी डबे, क्वचित एखादी दुरडी. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी खळीने चिकटवलेली, तिच्यावर आडनाव आणि किलोचा आकडा. साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात वाढलेल्या, आज साठी ओलांडलेल्या कुणालाही हे चित्र आठवतं. मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घरून न्यायचं, बेकरीवाल्याने ते मळून, पत्र्यावर मांडून भट्टीत भाजून द्यायचं आणि त्याची मजुरी किलोवर मोजून घ्यायची. दळायची ती दळणावळ, तशी भाजायची ती भाजणावळ.

भाजून निघायची ती नानकटाई आणि तिच्याबरोबर बिस्किटं. चकली, चिवडा, लाडू, करंजी घरच्या चुलीवर होत; नानकटाई तेवढी बाहेरच्या भट्टीवरून येई. फराळाच्या ताटात ती सगळ्यांत नवी पाहुणी, आणि म्हणूनच शेजारी पाठवायच्या ताटात तिला हमखास जागा. चकली कुणाची कुरकुरीत झाली यावर शेरे मारले जात. नानकटाई मात्र सगळ्या गल्लीची एकाच भट्टीतली, तिला नावं कोण ठेवणार? तरी ठेवली जात. कुणी तूप मारलं, कुणी डालडा वापरून साजूक सांगितलं, हे जिभेवर ठेवल्याबरोबर कळतं म्हणणारी आजी प्रत्येक वाड्यात एक तरी असेच.

मुळात प्रश्न असा, की भाजलेल्या गोडासाठी घराबाहेर का जावं लागलं? उत्तर चुलीत आहे. मराठी स्वयंपाकघरात तवा, कढई, पातेलं आणि मोदकपात्र. तळणं, परतणं, वाफवणं, निखाऱ्यावर भाजणं हे सगळं जमे. चारी बाजूंनी कोरडी, सारखी आच देणारी बंद जागा मात्र चुलीपाशी नव्हती. तशी आच लागणारा एकच उद्योग गावात होता, पावाचा. पहाटेचे पाव निघाले, की विटांची भट्टी पुढे कितीतरी तास तापलेली राहते आणि तिची आच हळूहळू उतरत जाते. नानकटाईला हीच उतरती, मंद आच मानवते. आच जोराची असेल तर ती वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. म्हणजे पावाच्या उरलेल्या उष्णतेवर दिवाळी भाजली जात होती.

परातीत तूप पांढरं होईपर्यंत फेसायचं, त्यात पिठीसाखर, मग मैदा, चिमूटभर खायचा सोडा, वेलदोडा. गोळा हातात घेऊन दाबला, की कडेला भेगा पडल्या पाहिजेत. त्या पडल्या नाहीत तर तूप जास्त झालं. वर मध्यभागी एक चारोळी नाहीतर पिस्त्याचा कापा. लांब दांड्याच्या फावड्यावरून पत्रा आत सरके, तेवढ्यात मागचा पत्रा बाहेर येई आणि वेलदोड्याचा वास पार रस्त्यापर्यंत जाई. गरम नानकटाईला हात लावला तर ती मोडते. ती पत्र्यावरच निवू द्यावी लागते, म्हणून डब्याचे मालक तासन्‌तास बाहेर थांबत आणि गप्पा मारत. आपल्या डब्यात दुसऱ्याचा माल गेला नाही ना, यावर मात्र गप्पांतही सगळ्यांचं लक्ष असे.

नानकटाईचा इतिहास सुरतेला सुरू होतो. डच वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी पुढे एका पारशी कुटुंबाकडे आली आणि उरलेले सुके पाव लोकांना आवडू लागल्यावर त्यातून नानकटाई निघाली, अशी कथा सांगतात. ‘नान’ म्हणजे भाकरी-पाव हे फारसी. मूळच्या ‘नानखताई’तल्या ‘खताई’चा संबंध काही जण चीनच्या जुन्या नावाशी लावतात. नाव कुठलंही असो, तिच्यात अंडं नाही आणि ताडीचं आंबवण नाही, हे गुजरातेत आणि मग महाराष्ट्रात तिच्या पथ्यावर पडलं. एरवी बेकरीच्या पावाला न शिवणाऱ्या घरांतही ती शिरली. आपलंच तूप, आपलाच मैदा, बेकरीवाल्याची फक्त आच! सोवळ्याची समजूत घालायला एवढं पुरत होतं.

सातारा जिल्ह्यात या भट्ट्यांना दुसरीकडूनही बळ मिळालं, डोंगरावरून. १८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाने तिथे माल्कम पेठ वसली. हवा खायला आलेल्या साहेबाला पाव-बिस्किटं लागणारच. भाजीपाल्याची सोय निराळ्याच मार्गाने झाली. १८३४ ते १८६४ या काळात महाबळेश्वरला चिनी कैद्यांचा तुरुंग होता आणि त्या कैद्यांनी डोंगरउतारावर बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. स्ट्रॉबेरीही साहेबाबरोबरच इथे चढली.

पण महाबळेश्वर पावसाळ्यात बंद होई. तिथल्या पावसात छपरंसुद्धा गवताने झाकावी लागत. बारमाही वस्ती झाली ती पाचगणीला. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या दशकात हे गाव आखलं, झाडं लावली. पुढे निवासी शाळा आल्या. सेंट पीटर्स १९०४ ची. शेकडो मुलं गावात राहतात म्हटल्यावर रोज पहाटे पाव लागतो, आणि जिथे पाव तिथे केक आणि बिस्किटंही. नाताळचा केक, ईस्टरचं गोडधोड आणि दिवाळीची नानकटाई एकाच भट्टीतून काढणारं गाव घाटमाथ्यावर आधी पाचगणीच असावं. खाली मिरजेत अमेरिकन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचं रुग्णालय १८९४ पासून उभं होतं, त्याच्या भोवती ख्रिस्ती वस्ती वाढली. मराठी ख्रिस्ती घरांतल्या नाताळात आजही करंजी आणि शंकरपाळे केकच्या शेजारी मांडलेले असतात, आणि ताट शेजारच्या हिंदू घरी जातं. दिवाळीला आलेल्या ताटाची ती फेड असते. रिकामं भांडं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा नियम दोन्ही घरांना सारखाच.

भेटीचं गोड म्हटलं, की साताऱ्यात आधी नाव येतं ते कंदी पेढ्याचं. तो भाजलेला नसला तरी जवळजवळ भाजलेलाच. म्हशीच्या दुधाचा खवा कढईत तपकिरी होईपर्यंत परतायचा, साखर बेताची घालायची. पाणी उडून गेल्यामुळे तो मऊ पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो, म्हणून एस.टी.च्या प्रवासात चालतो. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली आणि खिडकीतून पेढ्याचा पुडा आत आला नाही, असं सहसा झालं नाही. ‘कंदी’ शब्दाबद्दल दोन मतं ऐकू येतात. इंग्रज त्याला ‘कँडी’ म्हणत म्हणून कंदी, हे एक. फारसी ‘कंद’ म्हणजे साखर, तिच्यावरून कंदी, हे दुसरं. या वादात गंमत अशी, की इंग्रजी ‘कँडी’सुद्धा अरबी-फारसी ‘कंद’वरूनच आलेला, आणि ‘कंद’ आपल्या संस्कृत ‘खंड’वरून, ज्याची मराठी ‘खांड’ झाली. वाद कुणीही जिंकला तरी शब्द घरचाच.

पेढ्याच्या मागे एक साधं अर्थकारण होतं. कृष्णाकाठी दूध भरपूर आणि ते पिणारी शहरं लांब. दूध नासायच्या आत एकतर आटवायचं, नाहीतर रेल्वेने पाठवायचं. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये दुग्धव्यवसाय सुरू केला तो याच हिशेबावर. त्याच घराण्याचं मिठाईचं दुकान १९५० मध्ये पुण्यात उघडलं. पुण्याहून सांगलीला दिवाळीची भेट म्हणून जो पुडा येतो, त्याचं मूळ पुन्हा सांगलीकडेच निघतं.

भिलवडीहून कुंडल फार दूर नाही. औंध संस्थानातल्या या गावाजवळ माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना काढला आणि ‘कुंडल रोड’ स्टेशनचं पुढे किर्लोस्करवाडी झालं. नांगर आणि पंपांच्या या गावातून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागलं, १९३० मध्ये ‘स्त्री’. आणि याच कुंडलला १९१३ मध्ये कमलाबाई ओगले यांचा जन्म झाला. शिक्षण चौथीपर्यंत, लग्नानंतर संसार सांगलीत. त्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० मध्ये किर्लोस्कर प्रकाशनानेच छापलं आणि मराठी घरांत ते लग्नातल्या रुखवताइतकं हक्काचं झालं. ‘रुचिरा’ने केलेली मोठी गोष्ट म्हणजे मोजमाप. औंस-पौंड नाही, शेर-पावशेर नाही. वाटी आणि चमचा. बेकरीच्या दारात पदार्थ किलोत मोजला जाई, इथे तो चार माणसांच्या घरात वाटीत मोजला गेला. नवऱ्याच्या बदलीमुळे सासू-आईपासून लांब पडलेल्या मुलीला हीच सोय हवी होती.

त्याच सुमाराला मध्यमवर्गीय ओट्यावर एक गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला विजेचा ओव्हन येऊन बसला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी पातेल्यात वाळू घालून वर झाकण ठेवलं, किंवा कुकरची शिट्टी काढून आत डबा ठेवला. वाळूतला केक खालून करपे, वरून पांढरा राही, पण तो घरात झालेला असे. बेकरीची भाजणावळ इथून उतरणीला लागली. एकदम बंद नाही पडली. नानकटाईचा मोठा घाणा अजून भट्टीकडे जाई, केक मात्र घरात शिरला.

आता चॉकलेट. मराठी मुलाने ‘चॉकलेट दे’ म्हटल्यावर त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली तरी तक्रार नसे, कारण कागदात गुंडाळलेलं गोड ते सगळं चॉकलेट. या सैल अर्थाला कारण आहे. खऱ्या कोकोआधी इथे साखरेच्या गोळ्या आल्या. मुंबईत पार्ल्याच्या कारखान्यात १९२९ पासून गोळ्या होऊ लागल्या. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यात रावळगावला उसाची शेती आणि साखर कारखाना उभारला, चाळीसच्या दशकात तिथे गोळ्या सुरू झाल्या. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला वालचंदांचं नाव आहे. तिथून शिकून गेलेल्यांना त्यांच्या गोळ्यांची आठवण जास्त गोड असेल, यात शंका नाही. रावळगावच्या गोळ्यांची नावं २०२४ मध्ये मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतली. कॅडबरी १९४८ मध्ये भारतात आली. तरी पुढची कित्येक वर्षं चॉकलेटची वडी घरात आली की चाकूने तिचे तुकडे होत आणि मोजून वाटले जात.

वडी महाग होती हे एक, आणि ती विरघळे हे दुसरं. कोकोतलं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. सांगलीच्या मार्च-एप्रिलमध्ये त्याचा निभाव कसा लागावा? पाचगणी-महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, तिथे तो लागतो. किशोर व्होरा यांनी १९५९ मध्ये पाचगणीला फळांचे जॅम-सरबत करायला सुरुवात केली. ‘महाबळेश्वर प्रॉडक्ट्स’चं झालं ‘मॅप्रो’. आधी स्ट्रॉबेरी, तुती, रासबेरी बाटलीत गेली, मग फळांच्या वड्या, मग चॉकलेट. ‘मालाज’सारखे दुसरे उद्योगही त्याच डोंगरावर वाढले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज पर्यटक घाट उतरताना पिशवीत काय नेतो ते पाहावं: जॅमची बाटली, मक्याचे दाणे, चिक्की, फज आणि चॉकलेट. कंदी पेढा खाली साताऱ्यात वाट पाहत असतोच. एका जिल्ह्यात एकमेकांपासून दोन तासांच्या आत दोन पिढ्यांचा ‘खाऊ’ मिळतो, एक दुधाचा, एक कोकोचा.

घराघरांतून ‘होममेड चॉकलेट’ निघू लागलं ते मात्र फार अलीकडचं, आणि त्याला ओव्हन लागतच नाही. हा या सगळ्या कहाणीतला विनोद म्हणावा लागेल. शंभर वर्षं भट्टी नव्हती म्हणून बाहेर रांग लावली; भट्टी परवडू लागली तेव्हा भेटीच्या डब्यातलं गोड असं निघालं, की ज्याला भट्टीची गरजच नाही. बाजारात ‘कंपाउंड’ची लादी मिळते. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तूप असतं, म्हणून ती खोलीच्या उष्णतेतही तग धरते आणि खऱ्या चॉकलेटसारखे तापमानाचे नखरे करत नाही. खरं चॉकलेट वितळवून, थंड करून, पुन्हा नेमकं गरम केलं नाही तर त्यावर पांढरट डाग धरतात. कंपाउंडला एवढं काही नको. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवायचं, लादी वितळली की त्यात भाजलेल्या बदाम-काजूचे तुकडे घालायचे, साच्यात ओतायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, वर चमकता कागद. एका दुपारच्या शिकवणीत येतं. सांगली, मिरज, कराड, सातारा इथे कितीतरी घरांतून दिवाळी, रक्षाबंधन आणि नाताळच्या ऑर्डरी अशाच निघतात. भाऊबिजेच्या ताटात मोतीचुराच्या जागी चॉकलेटचा डबा आला तो मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींमुळे खरा. पण तो टिकला तो शेजारच्या काकूंनी हातांनी भरल्यामुळे.

या डब्यात काय असतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. कोको अमेरिका खंडातला. काजूही तिथलाच, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला. भुईमूगसुद्धा दक्षिण अमेरिकेचा. तिघं एका गावचे, पण नशीब निराळं. काजू कोकणात रुजला आणि घाट चढून कराडमार्गे इकडच्या बाजारात येऊ लागला. शेंगदाणा तर कृष्णाकाठी असा रमला, की त्याच्याशिवाय इथली आमटी, चटणी, भडंग आणि संक्रांतीची गुळाची वडी होत नाही. तो परका होता हे सांगूनही कुणाला पटायचं नाही. कोकोला सावली, दमट हवा आणि बारमाही ओल लागते, म्हणून तो इथे आला तो फक्त पाकिटातून.

आणि बेदाणा? चॉकलेटमध्ये घालायचं सुकं फळ जगभर ठरलेलं आहे, कॅडबरीच्या ‘फ्रूट अँड नट’मध्येही बदामाबरोबर बेदाणाच असतो. तो बेदाणा सांगली जिल्ह्यात होतो. तासगाव, कवठे महांकाळ, जत हा पावसाच्या सावलीतला कोरडा पट्टा. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. सालावरचा मेणाचा थर त्याने फाटतो आणि पाणी लवकर उडतं. बारा-पंधरा दिवसांत चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा उरतो. मध्येच अवकाळी पाऊस आला तर रंग जातो, आणि रंग गेला की दर जातो. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यात रंगावर बोली लागते. नमुना पाहताना बेदाण्याची उधळण होते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी सांगलीत भरलेल्या चॉकलेटच्या डब्यावर ठळकपणे लिहिलेलं असतं ते कॅलिफोर्नियाच्या बदामाचं नाव. बेदाण्याचं गाव कुणी लिहीत नाही. हे चुकतं आहे. पेढ्याने साताऱ्याचं नाव मिरवलं, स्ट्रॉबेरीने महाबळेश्वरचं. तासगावचा बेदाणा निनावीच डब्यात बसतो.

भाजणावळ घेणाऱ्या भट्ट्या आता कमी उरल्या आहेत, तरी साताऱ्यात, सांगलीत, शेजारच्या कोल्हापुरात शोधल्या तर सापडतात. काहींनी लाकूड सोडून डिझेल आणि वीज घेतली, पण चिठ्ठी आणि आडनाव तसंच आहे. ज्यांना यंदा नानकटाई घरच्या तुपाची करून द्यायची आहे त्यांनी मैदा, साखर, तूप आणि पत्र्याचा डबा घेऊन वसुबारसेच्या आधी जावं. वर लावायला चारोळीबरोबर मूठभर तासगावचा बेदाणाही न्यावा. धनत्रयोदशीनंतर नंबर लागत नाही.